लिहून घेणारा माणूस

ही गोष्ट माझ्याबरोबर घडली आहे. मैत्रिणीच्या मावसबहिणीबरोबर नाही.

कुणाला पटवायची माझी इच्छा नाही. पण कमेंटमध्ये "ताई, ऊन लागलं असेल" असं लिहिणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. ते मी स्वतःला सांगून पाहिलंय.

तारीख २३ मे २०२४. गुरुवार. जागा सदाशिव पेठ, पुणे.

वेळ रात्रीची नाही. दुपारी एक ते चार.

बाहेरगावच्यांना हसू येईल. पण मे महिन्यात दुपारी दीड वाजता पेठेतल्या एखाद्या गल्लीत उभं राहून बघा. दुकानांची शटर खाली. खिडक्या बंद. कुत्रंसुद्धा स्कूटरखाली जाऊन झोपलेलं. त्या वेळी तुम्ही जिवाच्या आकांतानं ओरडलात, तरी आधी झोपमोड केल्याबद्दल बोलणी बसतील. मदतीचं नंतर बघू.

मी परवीन शेख. वय बेचाळीस. राहणार वाघोली. धंदा टायपिंगचा.

बारावीनंतर खडकीच्या एका क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकले. तेव्हा लोखंडी मशीन होतं. करंगळीनं बटण दाबताना जीव जायचा. मग कॉम्प्युटर आला, डीटीपी आलं. वीस-बावीस वर्षं मी लोकांचे प्रबंध, कवितासंग्रह आणि सोसायट्यांच्या नोटिसा टाइप केल्या. त्यात दोन्ही मनगटं गेली. डॉक्टर म्हणाले, "बोटं वाचवायची असतील तर कीबोर्ड सोडा."

कीबोर्ड सोडून पोट कसं भरायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी भाचीनं मोबाइलवर व्हॉइस टायपिंग लावून दिलं. आपण बोलायचं, मोबाइल लिहितो. हात गेले होते, पण आवाज शिल्लक होता. गेली तीन वर्षं मी आवाजावर जगते. तो गेला, तर माझ्याकडे विकायला दुसरं काही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दुपारी तोच जायची वेळ आली होती.

काम वासंतीबाई केळशीकरांचं होतं. वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, नवरा वारलेला, मुलगी परदेशात. त्यांचे सासरे गोपाळकृष्ण केळशीकर हे लेखक. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. वासंतीबाईंना ते मी बोलून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात काय विशेष? लोक वाचत नाहीत हे आम्हाला माहीत आहे."

सासऱ्यांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. त्यांचं एक अपुरं पुस्तक बाईंना छापायचं होतं. तीन फुलस्केप वह्या. विषय, लेखकाची साधनं. पाटीपेन्सिल, बोरू, टाक, शाईचं पेन, टाइपरायटर... आयुष्यभरात त्यांच्या हाताखालून काय काय गेलं, त्याची हकीकत.

वह्यांमधलं अक्षर मात्र त्यांचं नव्हतं.

"मामंजी स्वतः लिहीत नसत," वासंतीबाई म्हणाल्या. "डोळे मिटून सांगायचे. लिहून घ्यायला माणूस होता. हिंदुराव."

काय अक्षर होतं ते! एकसारखं, टपोरं, आणि कुठेही खाडाखोड नाही. पंचवीस वर्षं मी लोकांची हस्तलिखितं वाचत आले, असं अक्षर पाहिलं नाही. मला तर हेवाच वाटला.

एकच गोष्ट विचित्र होती. दर पाच-सहा पानांनंतर, दिवसाचा मजकूर संपला की खाली बारीक अक्षरात दोन शब्द असायचे.

"उठा आता."

आणि पुढे वेळ. चार. कधी सव्वाचार.

मजकुराशी त्याचा काही संबंध दिसेना. आमच्या धंद्यात एक नियम आहे. मजकुरात नाही ते उतरवायचं नाही. मी ते शब्द गाळत गेले.

पहिल्या दोन वह्या मी त्यांच्या हॉलमध्ये बसून केल्या. पण पंख्याची खरखर आणि रस्त्यावरचे हॉर्न, त्यात मोबाइल काहीच्या बाही लिहायचा. बोरूचं बोर व्हायचं आणि दौतीचं दौलत. म्हणून त्या गुरुवारी मीच म्हटलं, "मॅडम, शांत खोली मिळेल का?"

मीच म्हटलं. कुणी बळजबरी केली नव्हती.

त्यांनी मला मागची खोली उघडून दिली. सासऱ्यांची लिहिण्याची खोली. इमारत सत्तर सालच्या आसपासची, खोली तळमजल्यावर. एकच खिडकी, तिला गज. खिडकीबाहेर हात लांब केला की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. भिंतीला काचेचं कपाट. त्यात बोरू, टाक, कोरडी दौत, चार शाईची पेनं, झाकण घातलेला टाइपरायटर आणि एक जुना टेपरेकॉर्डर.

मध्ये लेखकाची मोठी वेताची खुर्ची. आणि तिच्या मागे, कोपऱ्यात, उतरत्या फळीचं एक डेस्क आणि साधी लाकडी खुर्ची.

"लिहिणारा मागे बसायचा?" मी विचारलं.

"सांगताना डोळ्यांसमोर माणूस नको असायचा मामंजींना. तुम्ही मोठ्या खुर्चीत बसा, तिथे उजेड आहे. आणि एक सांगते. एक ते चार मी झोपते. कानातलं मशीन काढून ठेवते. भूकंप झाला तरी मला सांगू नका."

त्या गेल्या. मी वेताच्या खुर्चीत बसले, तिसरी वही मांडीवर घेतली, मोबाइल तोंडाशी धरला.

एक वाजला.

बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

मी उठून दार ढकललं. खरंच लागली होती कडी. दार वाजवलं, हाका मारल्या. काही नाही. त्यांच्या लँडलाइनला फोन लावला. हॉलमध्ये घंटी वाजताना मला ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली.

मला भीती नाही वाटली. राग आला. म्हातारीनं सवयीनं कडी लावली असणार, आणि आता चारपर्यंत माझी सुटका नाही. म्हटलं, नाहीतरी बसून कामच करायचंय. बाटलीत पाणी होतं. मोबाइलला बावीस टक्के चार्जिंग होतं. चार्जर पिशवीत होता, पण खोलीतला प्लग बंद पडलेला.

तिसऱ्या वहीत त्यांनी पुन्हा बोरूपासूनच सुरुवात केली होती. मी वाचायला लागले.

"सन एकोणीसशे बत्तीस. आम्ही बोरूने लिहीत असू. बोरू तासण्याचा चाकू गुरुजींकडे असे..."

मोबाइलच्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. छान चाललं होतं. एकही चूक नाही.

साधारण दहा मिनिटांनी मी घोट पाणी प्यायला थांबले. सहज पडद्याकडे पाहिलं.

शेवटच्या वाक्यानंतर एक शब्द जास्तीचा होता.

"पुढे"

मी तो बोलले नव्हते.

असं होतं कधी कधी. बाहेरचा एखादा आवाज मोबाइल पकडतो. मी शब्द पुसला. पुन्हा वाचायला लागले. टाक आला, दौत आली, सत्तेचाळीस सालचा ऑगस्ट आला, कुणी तरी भेट दिलेलं पहिलं शाईचं पेन आलं. पान उलटायला थांबले...

"पुढे"

आता मात्र माझ्या समोर तो शब्द उमटला होता. मी ओठ मिटून बसले असताना.

बाहेर काही आवाज नव्हता. सदाशिव पेठेत दुपारी दीड वाजता कसला आवाज असणार?

आणि मग माझ्या लक्षात आलं की आवाज आहे.

मघापासून आहे. मी बोलत असते तेव्हा असतो, म्हणून ऐकू येत नव्हता.

मी हळू आवाजात एक ओळ वाचली आणि कान दिला.

कुर्र... कुर्र... कुर्र...

कागदावर टाक चालल्याचा आवाज. आणि मध्येच एक बारीक टिंग. दौतीच्या काठावर नीब निथळल्यासारखा.

माझ्या मागून.

मी मान वळवली. डेस्क होतं. खुर्ची होती. दोन्ही रिकामी.

पण मघाशी खुर्ची डेस्कच्या आत सरकवलेली होती. आता ती बाहेर ओढलेली होती. माणूस बसायला लागते तेवढी.

मी उडी मारून दाराशी गेले. मोबाइलवरून नवऱ्याला कामावर फोन लावला. त्यानं उचलला. "अहो, मी अडकलेय," एवढंच म्हटलं असेन... फोन बंद पडला. बावीस टक्के कुठे गेले, देव जाणे.

दारावर मुठी आपटल्या. मनगटातून कळ डोक्यात गेली. "मॅडम! वासंतीबाई! कुणी आहे का?"

माझं ओरडणं थांबलं, आणि मागे टाकाची कुरकुर सुरू झाली.

कुर्र... कुर्र...

ते माझं ओरडणं लिहून घेत होतं.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. तोंड गच्च मिटलं. म्हटलं, बोलायचंच नाही. बोललं नाही तर लिहिणार काय?

शांतता...

एक मिनिट गेलं असेल.

खर्रर्र...

लाकडी खुर्ची फरशीवरून सरकली. माझ्या दिशेनं. वीतभर.

तिच्यात कुणी नव्हतं. मी डोळ्यांनी बघत होते.

पुन्हा शांतता. पुन्हा खर्रर्र. आणखी वीतभर. आता शाईचा वास यायला लागला. ओल्या शाईचा. कपाटातली दौत कोरडी खडखडीत होती, मी मघाशीच पाहिली होती.

माझ्यात आणि खुर्चीत चार हात उरले तेव्हा मी वही उघडली आणि जे पान समोर आलं ते मोठ्यानं वाचायला लागले.

खुर्ची थांबली. टाक सुरू झाला.

मला नियम कळला. सांगणारा बोलत राहिला, तर लिहिणारा जागेवर राहतो. सांगणारा थांबला, तर लिहिणारा पुढचं विचारायला जवळ येतो.

तेव्हा माझ्या घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं होती. चार वाजायला दोन तास.

मी वाचत राहिले.

टाइपरायटर विकत घेतला त्याची हकीकत होती. हिंदुरावांना तो शिकायला सांगितला, पण "त्यांच्या बोटांना तो मानवला नाही" असं लिहिलं होतं. हिंदुरावांच्याच अक्षरात. बॉलपेनं आली, त्यांना हिंदुराव हात लावत नसत. तेही त्यांच्याच अक्षरात. स्वतःची थट्टा माणसानं इतक्या सुरेख हस्ताक्षरात लिहिलेली मी पहिल्यांदाच वाचत होते.

अडीच वाजता पाणी संपलं. घसा खरवडल्यासारखा झाला. मधूनच आवाज फुटायचा, मी खाकरायचे. समोर टाक चालूच. खाकरणंसुद्धा तो लिहीत असावा.

अल्ला, मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत झाली नाही. ते लिहिलं जाऊ नये असं वाटलं.

तीनला दहा कमी असताना मी शेवटच्या पानावर आले.

"सन एकोणऐंशी," मी वाचलं. "जर्मनीहून चिरंजीवांनी टेपरेकॉर्डर पाठवला आहे. अद्भुत यंत्र आहे. मी बोलतो ते जसेच्या तसे साठवते. थकत नाही, पाणी मागत नाही, सुटी मागत नाही. यापुढे लिहून घ्यायला माणूस लागणार नाही."

टाक थांबला.

मी पुढे पाहिलं. पुढे काही नव्हतं. वही तिथेच संपत होती.

त्या माणसानं स्वतःच्या हातानं हे वाक्य लिहून घेतलं होतं. मान खाली घालून. तेही खाडाखोड न करता.

समोर काहीच आवाज नव्हता. खुर्चीचा नाही, टाकाचा नाही. मला वाटलं, संपलं.

मग अगदी कानाजवळ, श्वास लागावा इतक्या जवळून, कुणी तरी नम्रपणे म्हणालं,

"पुढे?"

मी दाराला धरून खाली बसले. आणि बोलायला लागले.

काय बोलले ते विचारू नका. आईनं शिकवलेली दुआ. पाढे. मटणाची कृती. काहीही. घशातून आवाज नव्हता, नुसती घरघर येत होती. आणि माझ्या गालाशी तो टाक चाललेला. डोकं चालेनासं झालं तेव्हा तोंडातून जे आलं, ते लहानपणचं होतं. अब्बांनी घोकून घेतलेलं. हरवलीस तर हे सांगायचं.

"माझं नाव परवीन अय्युब शेख. वडील दारूगोळा कारखान्यात. क्वार्टर नंबर बेचाळीस, खडकी, पुणे तीन."

तेच परत. तेच परत. चार वेळा म्हटलं असेल.

पाचव्यांदा आवाज आलाच नाही. ओठ हलत होते, बस. खांद्यावर काहीतरी टेकलं. हलकंसं. माणूस वाकून कागद बघतो तसं.

तेवढ्यात मांडीवरच्या उघड्या वहीकडे लक्ष गेलं. शेवटचं पान. "माणूस लागणार नाही." आणि त्याखाली कोरी जागा.

दर दिवसाच्या मजकुराखाली दोन शब्द होते. मी ते गाळत आले होते. या पानाखाली ते नव्हतेच.

म्हणजे कुणी म्हटलंच नव्हतं.

मी सगळा जीव घशात आणला.

"उठा," मी म्हटलं. "उठा आता."

टाक चालला. दोन शब्दांपुरता. मग टिंग झालं, दौतीच्या काठावर.

मग गुडघ्याची हाडं वाजली. खूप वेळ बसलेला म्हातारा माणूस उठतो तशी. एक लांब उसासा. कागद एकावर एक ठेवून डेस्कवर ठोकून सरळ केल्याचा आवाज. पावलं माझ्या बाजूनं गेली. मी भिंतीला चिकटले, त्यांना वाट द्यावी तशी.

बाहेरची कडी निघाली.

दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

मी हॉलमध्ये आले तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वासंतीबाई आत घोरत होत्या. मी पायरीवर जाऊन बसले. पळून का नाही गेले? पिशवी आत राहिली होती. ती आणायची माझी ताकद नव्हती.

चारला त्या उठल्या. मला बाहेर बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"कडी मी लावली होती की. तुम्ही बाहेर कशा?"

मी खोलीच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं.

"सवय हो," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आल्यापासून मामंजींची खोली एकला बाहेरून लावायची आणि चारला उघडायची, हेच काम. कुणी आत जाऊन व्यत्यय आणू नये म्हणून. आज हात आपोआप गेला बघा. चहा घेणार?"

मी मान हलवली. चहा दोन घोट पोटात गेल्यावर कुजबुजत विचारलं, "हिंदुरावांचं काय झालं?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"ते यंत्र आलं ना, त्यानंतर मामंजी यंत्रालाच सांगायला लागले. पण हिंदुरावांना येऊ नका असं कुणी म्हटलं नाही. भिडस्त घर आमचं. ते यायचे, मागे बसायचे. यंत्र फिरत असायचं आणि हेही लिहीत असायचे. मामंजी उठा म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. वहीतल्या त्या शेवटच्या पानाच्या दिवशी मामंजी टेप बंद करून तसेच बाहेर आले. तंद्रीत. उठा म्हणायचं राहिलं. नंतर फिरायला गेले, रात्री जेवले, झोपले."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी एकला मी खोली लावायला गेले, तर हिंदुराव जागेवर. काळी टोपी, कोट, सगळं नीट. हातात टाक. केव्हाच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय." त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आदल्या दिवशी चारला कडी मीच काढली होती. मागे कोपऱ्यात बघितलं नाही. मामंजींनी त्यानंतर एक ओळ सांगितली नाही कुणाला. ना माणसाला, ना यंत्राला."

मला त्या माणसाचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. इतक्या भीतीतही डोळ्यांत पाणी आलं.

"फार चोख माणूस," वासंतीबाई म्हणाल्या. "दुपारी लिहून घेतलेले कागद घरी न्यायचे, त्याची पक्की प्रत करायचे आणि आणून द्यायचे. ज्यानं सांगितलं त्याच्याच हातात. एकदा मी मागितली तर मलासुद्धा दिली नाही."

त्यांनीच माझी पिशवी आतून आणून दिली. "डेस्कवर कागद होते का काही?" मी विचारलं.

"कोरं पानसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

मी ते काम सोडलं. वह्या परत केल्या, आगाऊ घेतलेले पैसेही. आवाज गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणतात येईल, दोन महिने मौन पाळा. म्हणून हे सगळं दुखऱ्या हातानं, पेन्सिलीनं लिहिलंय. भाचीनं टाइप करून टाकलंय. पहिल्यांदा पाटीवर गिरवायला लागले होते तिथेच परत येऊन पोचले, असं म्हणा.

तरीही मी विसरले असते. माणूस विसरतो.

पण परवा खडकीहून फोन आला.

कमरजहां खाला. आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजारच्या. त्यांचा मुलगाही त्याच कारखान्यात, म्हणून त्या अजून तिथेच राहतात. आमचं बेचाळीस नंबर अब्बा रिटायर झाल्यावर सुटलं, त्याला अठरा वर्षं झाली. सध्या ते रिकामंच असतं. खालाचं बोलणं मराठीतच सांगते.

"परवीन, तू कुणाला लिहायचं काम दिलंयस का गं?"

मला बोलता येत नव्हतं. मी नुसता हुंकार दिला.

"एक म्हातारे गृहस्थ आलेत. धोतर, कोट, काळी टोपी. हातात कागदांचं बंडल. तुझ्या अब्बांचं नाव घेऊन बेचाळीस नंबर विचारत होते. म्हटलं, ते लोक इथे नाहीत, कधीच गेले. तर पायरीवर बसले. काल दुपारी बसलेले, आज दुपारी बघते तर तसेच. पाणी दिलं, घेतलं नाही. मला कागद द्या म्हटलं, तर म्हणाले, तिच्याच हातात द्यायचे आहेत."

मी पुन्हा हुंकार दिला.

"उन्हात बसलेला माणूस बघवेना गं. शेवटी मी म्हटलं, थांबा, तिचा वाघोलीचा पत्ता लिहून देते. तर कसे गोड हसले. म्हणाले, आपण कशाला त्रास घेता? आपण सांगा, मी लिहून घेतो."

खालानं पत्ता सांगितला. इमारत, मजला, फ्लॅट नंबर. नीट, सावकाश, दोनदा.

खडकी ते वाघोली सोळा-सतरा किलोमीटर आहे. नवरा म्हणतो, कुणी तरी चेष्टा करतंय. तो सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळी येतो. दुपारी घरात मी एकटीच असते. आज पावणेएकपासून मी दाराकडे तोंड करून बसले आहे.

ते आले, तर पायरीवर ताटकळत ठेवायचं माझ्यानं होणार नाही. पण एकदा आत घेतलं आणि ते लिहायला बसले, तर त्यांना उठवायला माझ्याकडे आवाज नाही.